द दातवाल्याचा

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. सगळे त्याला पडताळे म्हणत, कारण काम तेच होतं. शहरातले आणि शहराबाहेरचे कारखाने दरवर्षी कळवत, की आम्ही हवेत अमका वायू इतका इतका सोडला. हा झाला कळवलेला आकडा. गावाबाहेरच्या टेकडीवर एक उंच मनोरा होता. त्याच्या टोकाची नळी रात्रंदिवस हवा ओढून खालच्या यंत्राला पाजायची आणि यंत्र सांगायचं, की हवेत खरोखर किती आहे. मग वारा कुठून आला, किती जोरात आला याचं गणित मांडायचं, उलट्या पावली मागे जायचं आणि कुणी किती सोडलं ते काढायचं. हा मोजलेला आकडा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून जुळतात का ते बघायचं, यावर पडताळेचं पोट चालायचं. बहुधा जुळत नसत. समोरचा खोटं बोलतोय हे कळलं की काही माणसांना चहा जास्त गोड लागतो. हा त्यांच्यातला.

आता दिवसभर दुसऱ्यांच्या धुराचा माग काढणाऱ्या माणसाने घरी आल्यावर तरी डोकं खुंटीला टांगून ठेवावं की नाही? पण तो कुठला ठेवायला. घरात त्याची बायको होती, आणि इमारतीच्या तळमजल्यावर एक दंतवैद्य होता.

बायको सरकारी दवाखान्याच्या औषधभांडारात कामाला होती. सकाळची पाळी करून दुपारी एकच्या सुमारास घरी यायची. बोलताना ती अडखळायची. म्हणजे फार काही नाही. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर यायचं, तिथेच जरा घुटमळायचं आणि मग बाकीचा शब्द सावकाश त्याच्या मागून यायचा. दोन क्षण थांबलं की झालं. पण पडताळेला तेवढा दम नव्हता. तिची वाक्यं तोच पुरी करून टाकायचा आणि त्याला वाटायचं, आपण हिला मदत करतोय. ती म्हणायची, "मला जरा बा…" की हा लगेच, "बाजारात जायचंय? चल, जाऊ!" तिला बादली हवी असायची. पण समोरच्याने एवढं तोंड भरून 'जाऊ' म्हटल्यावर काय करणार, ती बिचारी पिशवी उचलायची. त्यांच्या घरात नको असलेल्या भाज्या नेहमी पुष्कळ असत, त्याचं कारण हे.

आणि तो दंतवैद्य. पाटीवर 'दंतवैद्य' लिहिलेलं होतं, पण पडताळे घरात त्याचा उल्लेख 'दातवाला' असाच करायचा, जसं काही तो गाडीवर ठेवून दात विकतो. दातवाला एकटा राहायचा. उंच होता. डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी होते, आणि त्या वयात ते असणं पडताळेला मुळीच शोभणारं वाटत नसे. आरशात स्वतःचं कपाळ मागे मागे सरकताना बघणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी फार लागतात.

एकदा संध्याकाळी पडताळे जिना चढून येत होता. वरच्या वळणावर बायको उभी, हातात पिशवी. समोर दातवाला, कठड्यावर एक हात टेकून. तो बोलत नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता, अगदी टक लावून, जणू त्याला जगात दुसरं काही काम नाही. असा बराच वेळ गेला. मग ती काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसली. ती तर मान मागे टाकून हसली. घरी ही अशी कधी हसली होती? आठवून बघितलं, आठवेना. त्याचा धंदाच दात काढायचा, हे ठीक आहे. पण दुसऱ्याच्या बायकोला दात काढायला लावणं, हेही त्यातच येतं का?

तो बोलत नव्हता, हेच त्याला जास्त झोंबलं. बोलणाऱ्याचं निदान ऐकू तरी येतं. न बोलता बघत राहणाऱ्या माणसाचं काय मोजायचं?

"काय म्हणत होता दातवाला?" जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"डॉक्टर ना? त्यांनी मला एक प… प…"

"पत्ता विचारला?" पडताळेचा घास हातातच राहिला. "एकाच इमारतीत राहून पत्ता विचारतो? कुणाचा पत्ता?"

तिने त्याच्याकडे बघितलं. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तोवर तो पुढच्या दोन प्रश्नांवर पोचला होता. तिने मान हलवली आणि पाणी ओतायला घेतलं.

त्या दिवसापासून संशय त्याच्या मानगुटीवर बसला. ती सकाळी केस विंचरायला वेळ लावते असं वाटू लागलं. नवी ओढणी कधी घेतली? खालच्या दवाखान्याच्या दारावर पाटी होती, 'दुपारी एक ते चार बंद'. ती आपण इतकी वर्षं वाचली कशी नाही? म्हणजे ही एकला येते आणि तो एकला मोकळा होतो. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. पडताळेला पिवळ्यातही छटा दिसायला लागल्या.

दुसरा कुणी असता तर भांडला असता, दारामागे लपला असता, शेजारणीला विचारलं असतं. पडताळेने मोजायचं ठरवलं.

ऑफिसच्या कपाटात हातभर उंचीची सुद्धा नाहीत अशी जुनी मीटरं पडून होती, खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. माणूस श्वास सोडतो तो हाच वायू. बंदिस्त जागेत माणसं जास्त, तर आकडा जास्त. त्याने एक मीटर पिशवीत घालून घरी आणलं आणि झोपायच्या खोलीत कपाटावर, घडी घातलेल्या ब्लँकेटांच्या मागे ठेवून दिलं. मीटर आकडे थेट त्याच्या मोबाइलवर पाठवायचं. घरच्या हवेची तब्येत बघतोय, असं त्याने मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं.

काम मात्र त्याने चोख केलं. रात्री दोघं झोपली असताना आकडा नऊशेपर्यंत चढायचा. रविवारी ती बहिणीकडे गेली तेव्हा तो एकटाच दुपारभर लोळला. आकडा साडेसहाशेच्या वर गेला नाही. म्हणजे एक माणूस साडेसहाशे, दोन माणसं नऊशे. खिडकी उघडीच असायची. त्या घरात खिडकी बंद करायची नाही, हा पडताळेचा नियम होता. हवेवर पोट असलेला माणूस कोंदट खोलीत राहतो, असं कुणी म्हणायला नको.

सोमवारी दुपारी ऑफिसात त्याने मोबाइल उघडला. दोन वाजता आकडा चढायला लागला. सातशे. आठशे. तीनच्या सुमारास नऊशे, आणि तिथेच ठाण मांडून बसला. चारच्या आसपास उतरला. चारला दवाखाना उघडतो.

त्याने चहा तसाच ठेवला आणि सगळे आकडे वहीत उतरवून घेतले.

"दुपारी काय केलंस?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"झोपले."

कळवलेला आकडा एक, मोजलेला आकडा दोन. मंगळवारी तेच. बुधवारी तर साडेनऊशे. पडताळेच्या डोळ्यांसमोर ते दोन श्वास नाचू लागले. एक ओळखीचा, आणि दुसरा उंच, केसाळ, कठड्यावर हात टेकून घेतलेला. रोज संध्याकाळी तो तोच प्रश्न विचारायचा आणि रोज ती तेच उत्तर द्यायची. तो एकच शब्द तिला न अडखळता यायचा, हेही त्याने पुराव्यात धरलं.

ऑफिसात याच दिवसांत खताच्या कारखान्याचं प्रकरण चालू होतं. खत बनवताना तिथून एक वायू सुटायचा, नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोक ज्याला हसवणारा वायू म्हणतात तोच. दात काढताना रोग्याला हुंगायला देतात, तो. नशिबाने पडताळेची थट्टा करायची म्हटल्यावर ती अर्धवट कशाला करेल? कारखान्याने धुराड्यात नवं शुद्धीकरण बसवलं होतं आणि कळवलं होतं, की आमचा वायू निम्म्यावर आला. मनोरा म्हणत होता, कसला निम्म्यावर, होता तेवढाच आहे.

कारखान्याचा व्यवस्थापक स्वतः भेटायला आला. गोल चेहऱ्याचा, घाबरट माणूस. "साहेब, खरंच कमी केलाय हो आम्ही. या, येऊन बघा."

"बघायचं काय?" पडताळे म्हणाला. "तुम्ही काय वाटेल ते कळवाल. हवा खोटं बोलत नाही."

"पण साहेब, आम्ही एवढं करून…"

"एवढं करून पकडले गेलात," पडताळेने त्याचं वाक्य पुरं केलं. आणि अहवालात शेरा लिहिला: कळवलेला आकडा विश्वास ठेवण्याजोगा नाही. लिहिताना त्याने पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं. तो शेरा कुणासाठी होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या कचेरीच्या प्रमुख, शेरा वाचून चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पडताळे, जरा दमानं. हवा 'किती' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. वारेवालीला एकदा गणित तपासू दे."

वारेवाली म्हणजे नुकतीच लागलेली हवामानाची पोरगी. पडताळेने नाक मुरडलं. ही आपल्याला शिकवणार?

त्याच संध्याकाळी त्याचा बांध फुटला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दुपारी कोण येतं घरात?"

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे कोण येतं, एवढंच विचारतोय. आणि झोपले म्हणून मला सांगू नकोस. तुझ्या सांगण्याची मला गरज नाही. माझ्याकडे मोजलेलं आहे."

तिला आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर झरझर रंग चढला. "कुणी नाही. मी दु… दुपारी… दा… दा…"

ओठ जागच्या जागी अडले. डोळे त्याच्यावर होते आणि ते काही लपवत नव्हते; ते फक्त जरा वेळ मागत होते. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण पडताळे आंधळा नव्हता, मत्सरी होता, आणि ते आंधळेपणाच्या फार पुढचं.

"दातवाला!" तो ओरडला. "म्हणून टाक एकदाचं. दातवाला!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने तोंड मिटलं. हातातला सदरा घडी न घालताच ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. नंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. ना रागाने, ना रडून. ताट वाढायची, ताट उचलायची. पडताळेने त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला तो त्याच्या पद्धतीने: कबुली.

मग त्याने एक उपद्व्याप केला. शत्रूला जवळून बघावं म्हणून दाढ दुखत नसताना दवाखान्यात गेला. खुर्चीत आडवा झाला. दातवाल्याने त्याला आ वासायला लावलं, आत एक नळी अडकवली, आरसा घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पडताळेला समोरच्याचं वाक्य पुरं करता येईना.

"तुमच्या मिसेस," दातवाला म्हणाला आणि थांबला. खाली वाकून एक हत्यार शोधलं, ते बदललं, दुसरं घेतलं. पडताळेच्या डोक्यात तेवढ्यात शंभर शब्द येऊन गेले, आणि त्यातला एकही त्याला परवडणारा नव्हता. "फार धीराच्या आहेत," दातवाला म्हणाला. "झोपेत दातओठ खाता का हो तुम्ही? दाढा पार झिजल्यात. दुखणार असेल तर थोडा लाफिंग गॅस देऊ?"

"आँ आँ," पडताळे म्हणाला. म्हणजे नको. धीराच्या! तो जिना चढताना दात खात खात वर गेला, दातवाल्याचा सल्ला धाब्यावर बसवून. धीराची आहे हे याला कसं ठाऊक? इतकी वर्षं संसार केला, आपल्याला नाही ते ठाऊक!

खताच्या कारखान्याची सुनावणी शुक्रवारी दुपारी होती. लांब टेबल, एका टोकाला मोठ्या बाई, दुसऱ्या टोकाला रुमालाने मान पुसणारा व्यवस्थापक. पडताळेने आलेख दाखवले, आवाज चढवला. टेबलाखाली त्याचा मोबाइल होता. आकडा आठशेवर आला होता.

"सर, एक सांगू?" वारेवाली म्हणाली.

"सांग," मोठ्या बाई म्हणाल्या. पडताळेला कुणी विचारलंच नाही.

"हवेला वर एक छत असतं. म्हणजे दिसत नाही, पण जमिनीवरचा धूर त्या छतापर्यंतच मिसळतो, त्याच्या वर जात नाही. उन्हाळ्यात ते खूप उंच असतं. पण आपण मोजलं ते आठवडे थंडीचे, वारा पडलेले. छत पार खाली आलं होतं. पडताळे सरांच्या गणितात मात्र ते वर्षाच्या सरासरीइतकं उंच धरलंय." तिने कागद पुढे सरकवला. "छत खरं होतं तेवढं धरलं, की कारखान्याचा आकडा बरोब्बर निम्म्यावर येतो. त्यांनी कळवलाय तसाच."

"पण मनोऱ्यावर एवढा वायू दिसतो त्याचं काय?" पडताळे म्हणाला.

"वायू थोडाच आहे सर. जागा कमी झाल्यामुळे दाट झालाय. खोलीत बसलेला माणूस एकच, पण दार-खिडकी लावून घेतली तर…"

पडताळेने तिचं वाक्य पुरं केलं नाही. त्याच्याच्याने झालं नाही. व्यवस्थापक रुमाल डोळ्यांना लावून "बघा, बघा, मी म्हणत होतो," असं काहीतरी म्हणत होता. मोठ्या बाईंनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली. पडताळे टेबलाखाली बघत होता. नऊशे.

दार-खिडकी लावून घेतली तर.

दा… दा…

तो कुणाला न विचारता उठला आणि बाहेर पडला.

जिना त्याने दोन-दोन पायऱ्या घेत चढला. तळमजल्यावर पाटी 'बंद' होती. घराचं कुलूप किल्लीने, आवाज न करता उघडलं. कारण, लपवायचं कशाला, वारेवालीचं पटलं होतं तरी पोटातला किडा अजून मेला नव्हता. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. झोपायच्या खोलीचं दार बंद होतं, आणि आतून आवाज येत होता. तिचा. मोठ्याने, एकेका शब्दावर पाय रोवत.

"ही गोळी… जेवणानंतर… घ्यायची आहे. रिकाम्या पोटी… घेऊ नये."

लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मग पुन्हा तेच वाक्य. पडताळे दाराला कान लावून उभा राहिला. दुसरा आवाज येईल, या आशेने. आशाच म्हणायची तिला. इतके दिवस जळून काढल्यावर माणसाला सरपणाचीही माया लागते. दुसरा आवाज आला नाही.

"पातळ औषध… दि… दि…"

दिवसातून, दिवसातून, दिवसातून. शब्द पडताळेच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. आत शांतता होती. ती किती लांब असते हे त्याला त्या दिवशी कळलं, कारण आजवर त्याने ती कधी संपू दिली नव्हती.

"दिवसातून… दोनदा," आतून आवाज आला. कुणाच्या मदतीशिवाय.

त्याच्या हातातून किल्ली पडली. दार उघडलं. ती उभी होती, एका हातात औषधांच्या माहितीचे कागद. पलीकडे खिडकी गच्च बंद, पडदाही ओढलेला. कोंदट गरम हवा त्याच्या तोंडावर आली. कपाटावरची ब्लँकेटं खाली पलंगावर होती आणि मीटर तिच्या उशीजवळ ठेवलेलं होतं, त्याच्या काचेवर नऊशे वीस.

"खिडकी बंद होती," पडताळे म्हणाला. एवढंच त्याला सुचलं. "मी उघडी धरली होती."

ती पलंगाच्या कडेला बसली. बोलायला लागली तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता, कागदाकडे बघत सुरुवात केली, आणि नंतर कागदही खाली ठेवला.

"त्या दिवशी मी… दा… दार म्हणत होते. दार लावून… वाचते, म्हणत होते. शेजारी… ऐकू जाऊ नये म्हणून… खिडकी पण." ती थांबली. पडताळेही थांबला. "दवाखान्यात मला… आतल्या भांडारातून… खिडकीवर बसवणार आहेत. लोकांना… औषधं समजावून द्यायला. डॉक्टरांनी मला… एका बाईंचा… पत्ता दिला. बोलायला… शिकवतात त्या. श्वास सोडत सोडत… बोलायचं. रोज तास-दीड तास. तुला… सगळ्यात आधी सांगणार होते. पू… पूर्ण वाक्यात."

पडताळेला पलंगावर तिच्या शेजारी बसायची हिंमत झाली नाही.

"आणि तो?" तो म्हणाला. अशा वेळीही तोंडातून हेच निघालं, म्हणजे रोग किती मुरला होता बघा. "तो जिन्यात काय करतो?"

"थां… थांबतो."

"म्हणजे?"

"माझं वाक्य… संपेपर्यंत… थांबतो. दुसरं… काही नाही करत."

दुसरं काही असतं तर पडताळेला लढता आलं असतं. केस असते, उंची असती, पैसा असता, त्याला नावं ठेवता आली असती. पण थांबणं! ते तर फुकट होतं, रोज घरात उपलब्ध होतं, आणि ते ती तळमजल्यावरून आणत होती. इतका वेळ जो मत्सर पोटात होता तो आता पहिल्यांदा योग्य जागी जाऊन बसला, आणि आधीपेक्षा जास्त दुखायला लागला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

तिने ते ऐकलं, पण मान हलवली नाही. मीटर उचललं, हातात फिरवून बघितलं आणि उशीशी परत ठेवलं.

"हे इथेच… राहू दे. मी खिडकी… उघडी ठेवीन. तू… बा… बाहेरच्या खोलीत झोप. रोज… बघत जा. किती जण… आहेत ते."

त्याला हुकूम देणारं वाक्य तिने त्याच्यासमोर आजवर कधी पुरं केलं नव्हतं. ते असं निघालं.

पडताळेचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. रोज सकाळी डोळे उघडले की मोबाइल उघडायचा. साडेसहाशे. खिडकी उघडी, माणूस एक. दुसऱ्या दिवशी साडेसहाशे. पुढच्या आठवड्यातही साडेसहाशे. कळवलेला आणि मोजलेला आकडा इतका तंतोतंत जुळलेला त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. ऑफिसात तो आता अहवालावर शेरा लिहायच्या आधी वारेवालीला विचारायचा. मोठ्या बाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "पडताळे, तब्येत बरी आहे ना?"

ती दवाखान्याच्या खिडकीवर बसू लागली. एकदा तो रांगेच्या मागे जाऊन उभा राहिला, चिठ्ठी नसताना. एका म्हाताऱ्याला ती समजावत होती. मध्येच शब्द अडला, म्हातारा कानामागे हात धरून शांतपणे उभा राहिला, शब्द आला, म्हातारा "बरं हं पोरी," म्हणून गेला. मागच्यानेही वाट बघितली, त्याच्या मागच्यानेही. पडताळेला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. रांगेतल्या प्रत्येकाचा वाटला. आपला नंबर यायच्या आत तो निघून आला.

त्यानंतर एका संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत अंथरूण घालत होता. ती मधल्या दारात येऊन उभी राहिली. चादरीचं एक टोक अजून त्याच्या हातात होतं.

"आज…" ती म्हणाली, "आज तू… बा… बा…"

बाहेरच. किंवा बाजूला सर. किंवा बादली, काय सांगावं. शब्द त्याच्या तोंडाशी रांग लावून उभे राहिले. त्याने दात घट्ट मिटले.

"बाहेरच झोप," ती म्हणाली.

पडताळेने मान हलवली आणि चादर झटकली. ती मात्र दारातून हलली नाही.

"उ…" ती म्हणाली. "उ… उ…"

उद्या असेल. उगाच आशा धरू नकोस, हेही असेल. उकडतंय असेल, नुसतं उशी दे असेल. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं आणि मोजायला हातात काही नव्हतं. पडताळे चादरीचं टोक धरून, तिच्या तोंडाकडे बघत, थांबला.